सिंगापुरात वाढलेलं पान

आमच्या गावी, सायवनला, अंगणात श्राद्धाचं पान ठेवलं की कावळ्यांना बोलवावं लागत नाही, ते आधीच येऊन बसलेले असतात. सिंगापुरात मुलाचं घर इतकं उंचावर, तिथे अंगण कुठलं? सुनेच्या बाळंतपणासाठी मी गेले आणि श्रावणात नवऱ्याचं पहिलं वर्षश्राद्ध तिथेच आलं. त्याचा घास त्याला पोचणार कसा, या काळजीने झोप लागत नव्हती. डहाणूच्या महालक्ष्मीला रोज विचारायचे, आई, तुझ्या डोंगरावरून तुला इथलं दिसतं तरी का?

शहर चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. रस्ते पुसून ठेवल्यासारखे. पाटीवर चार भाषा, त्यातली एकही माझी नाही. शेजारची मलायी बाई दारात भेटली की बाळाच्या गालाला हात लावून जायची. केळीचं पान तमिळ माणसाच्या दुकानात मिळालं.

"आई, इथे पक्ष्यांना खायला घातलं तर दंड होतो," मुलगा म्हणाला.

"बापाला जेवायला घालायला दंड? असलं कसलं तुमचं गाव?"

"बाबा काय इथवर येणार आहेत?"

 मुलगा कॉम्प्युटरसमोर बसल्यावर मी भात, वडे, भोपळ्याची भाजी पानावर वाढली आणि लिफ्टने खाली उतरले. एखादं बरं झाड शोधत निघाले. सगळ्या इमारती एकसारख्या, थोड्या वेळात परतीची वाटच कळेना.

तिथे फुटपाथच्या कडेला कुणीतरी संत्री, भात, उदबत्त्या मांडल्या होत्या. लोक घाईत ओलांडून जात होते. असं मांडलेलं आपण ओलांडत नाही, कुणाचंही असो. मी चपला काढल्या, मान झुकवली आणि गवतातून वळसा घातला. मागून हाक आली. झाडाखाली स्टुलावर माझ्याच वयाची एक चिनी म्हातारी बसली होती. तिने माझ्या हातातलं पान बघितलं आणि आभाळाकडे बोट केलं. मी हो म्हणून मान हलवली. तिने आपली संत्री सरकवून माझ्या पानाला जागा केली, माझ्या हातात उदबत्त्या दिल्या. त्यांच्यातही तो महिना गेलेल्यांना जेवू घालायचा, हे मागाहून कळलं.

मुलगा शोधत आला तो ओरडतच. "आई, फोन कशाला दिलाय तुला? घरी ठेवायला?" मग त्याला पान दिसलं. त्याने बूट काढले.

"पाणी कुठाय?"

"राहिलं आणायचं."

म्हातारीने आपली चहाची किटली पुढे केली. मुलाने पानाभोवती चहाच फिरवला. त्याचा बाप जन्मभर पाण्यापेक्षा चहाच जास्त प्यायला, तो कशाला तक्रार करेल? पिवळ्या चोचीचा एक काळा पक्षी आला आणि संत्री सोडून आमचा वडा उचलून गेला. तो कावळा नव्हता. मी उगाच होता म्हणणार नाही.

अंगण माझं, कावळा माझा, असा माझा हट्ट होता. महालक्ष्मी आईने दोन्हींपैकी काहीच दिलं नाही आणि काम मात्र केलं. आता मी तिला काय कर म्हणून सांगते, कसं कर ते सांगत नाही.

तिथेच तिला हात जोडले. आमचा डोंगर कुठल्या दिशेला ते कळेना, म्हणून त्या म्हातारीकडे तोंड केलं.