जमनाला उठावं लागलं नाही

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. असे अनुभव मोठ्या साधकांना येतात असं वाटायचं, आणि मी साधक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शहाद्याला वसतिगृहात राहून वर्ष झालं होतं, आणि खरं सांगायचं तर घरी आल्यावर आम्हा आदिवासींच्या कुलदेवतेपुढे, याहामोगी मातेपुढे हात जोडताना माझं मन आता जागेवर राहत नव्हतं. आई जोडते म्हणून मी जोडत होते.

त्या वर्षी होळी झाल्यावर कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी सहा आठवडे गावाजवळच्या प्राण्यांच्या आश्रयस्थानात काम केलं. सातपुड्याच्या पायथ्याला, अभयारण्याच्या कडेला ते आहे. आमच्या घरापासून जंगलातून अर्ध्या तासाची वाट. तिथे जमना नावाची म्हातारी अस्वल मादी होती. खूप वर्षांपूर्वी तिला खेळ दाखवणाऱ्याकडून सोडवून आणलेलं. नाकपुडीत दोरीचं भोक, तोंडात चारदोनच दात, डोळ्यांवर पांढरट सारा आलेला. तिला मऊ लापशी द्यायचं काम माझ्याकडे आलं.

डोंगरातली माणसं जंगलातून चालताना काठी आपटत चालतात. वाटेत अस्वल असेल तर त्याला आपली चाहूल लागावी आणि त्याने बाजूला व्हावं, एवढाच हेतू. मीही तशीच जायची. पहिल्याच दिवशी माझी काठी दगडावर वाजली आणि जमना कष्टाने मागच्या पायांवर उभी राहिली, डुलली, पंजा कपाळाशी नेला. मला भरून आलं. मग रोजच ती तसं करू लागली. मी घरी सांगितलं, अस्वल मला नमस्कार करतं. बाबा म्हणाले, चला, पोरीने आम्हाला कधी केला नाही, तिला तरी कोणी करतंय.

तिला सांभाळणारे रशीदचाचा त्या दिवसांत मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते. तळोद्याचे, बोलणं सगळं अहिराणीत. ते परत आले त्या सकाळी मी मोठ्या हौसेने काठी वाजवून त्यांना नमस्कार दाखवला. चाचांनी माझ्या हातातली काठी काढून घेतली.

"बेटा, ती तुले सलाम नही करी ऱ्हायनी," ते म्हणाले. "ती घाबरी ऱ्हायनी. काठी वाजनी का तिले नाचनं पडे. मारनारा कव्हयनाच मरी गया व्हई, पन त्यानी काठी आजूनबी तिना कानमा वाजस."

पंधरा दिवस मी त्या म्हातारीला भीतीने उभी करत होते आणि त्याला प्रेम समजत होते. त्या दिवशी लापशीचं भांडं माझ्या हातून खाली ठेवलं जाईना.

दुसऱ्या दिवसापासून मी काठी घरी ठेवली. आई रागावली, पण मी तशीच निघाले. तरी जमना उठायचीच. आता तिला माझी पावलं ओळखू येत होती. मी अनवाणी गेले, लांबूनच बसून सरकत गेले, तरी ती थरथरत उभी राहायची. त्यातच तिने खाणं सोडलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, आता सुया टोचून तिला छळायचं नाही, जे खाईल ते द्या. चाचा म्हणाले, भांडं मीच ठेवत जातो, तू दुसरं काम घे. मी नाही म्हणाले. माझ्यामुळे बसलेली भीती माझ्याच हातून जायला हवी होती. ती माझी पावलं ऐकून एकदा तरी निवांत पडून राहावी, एवढं मला करायचंच होतं.

"कॉलेजवाली बाई, तुन्हा पुस्तकमा ऱ्हास का हाई?" त्यांनी विचारलं. नाही म्हटलं, तर त्यांनी बसायला मला आपलं गोणपाट दिलं.

त्या रात्री मी मानता मानली, म्हणजे मातेला नवस बोलले. जमना बरी होऊन खाऊ लागली तर देवमोगऱ्याला तुझ्या ठाण्यावर नव्या टोपलीत धान्य घेऊन येईन. मागताना माझा आवाज मलाच धमकीसारखा वाटला.

चार दिवस ती काहीच खाईना. गूळ नाही, केळं नाही, मध नाही. पाचव्या दिवशी पहाटे मी निघाले तर वाटेत मोहाखाली एक म्हातारी फुलं वेचत होती. आमच्या गावची नव्हे. मोह त्याच रात्री गळायला लागले होते. तिने विचारलं, एवढ्या लवकर कुठे? मी थांबले आणि, का कोण जाणे, सगळं सांगितलं. काठीचंसुद्धा. तिने टोपलीतली फुलं माझ्या ओढणीत ओतली.

मी मागे सरले. आमच्यात पहिला मोह देवाला दाखवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. म्हटलं, आजी, हा देवाचा आहे ना? ती आमच्या बोलीत म्हणाली, "देवाचाच आहे. तू नुसता पोचता कर." आणि पुन्हा खाली वाकून वेचायला लागली.

त्या दिवशी पिंजऱ्याजवळ पोचले तेव्हा मी सरकले नाही, पाय चोरले नाहीत. ओढणी धरून साधी चालत गेले. मनातही काही मागत नव्हते, कारण फुलं सांडू नयेत याकडेच माझं लक्ष होतं. जमनाचं नाक हललं. ती उठली नाही. कुशीवर पडल्या पडल्याच तिने ओठ लांब केले आणि गजांतून माझ्या तळहातावरचं एक फूल उचललं. मग दुसरं. रसाने तिची हनुवटी ओली झाली. चाचा माझ्यामागे येऊन उभे होते. ते हळूच म्हणाले, "खाय माय, आते कोनीच नचाडाव नही तुले."

नऊ-दहा फुलं तिने खाल्ली असतील. मग डोकं पंजावर ठेवलं. दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिचा श्वास थांबला. मी तिथेच होते. वनखात्याच्या नियमाप्रमाणे पंचनामा झाला आणि संध्याकाळी तिला अग्नी दिला. मी रडले, पण आधी वाटत होतं तसं नाही.

आई म्हणाली, जनावर वाचलं नाही, म्हणजे मानता लागली नाही, जायची गरज नाही. मी म्हटलं, मी जाणार. मी तिचं जगणं मागितलं होतं. मिळालं ते मला मागताच आलं नसतं. ती म्हातारी कोण होती, मोह नेमका त्या रात्रीच का गळला, याची उत्तरं मी शोधत नाही. कोणी योगायोग म्हटलं तर माझी हरकत नाही. मला एवढंच कळलं की समोरच्याला उभं करून जे मिळतं ती भक्ती नसते, मग समोर अस्वल असो की देव.

महिन्याने मी अक्कलकुव्याहून जीपने देवमोगऱ्याला गेले. नव्या टोपलीत ज्वारी होती. जत्रेचे दिवस नव्हते, तरी मागे बायकांची रांग होती. टोपली मातेपुढे ठेवली. परीक्षा तोंडावर होती, आणि मागणं ओठांपर्यंत आलंही होतं. मी ते तिथेच राहू दिलं. डोकं टेकवलं आणि मागच्या बाईला जागा करून दिली.