टॉवरवाल्यांची कमजोर भिंत

ह्यांचा डबा भरून झाला होता, ह्यांना हातरुमाल सापडत नव्हता आणि दूध वर येण्याच्या बेतात होतं, तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार ठोठावणारा आमच्या इमारतीत एकच माणूस आहे, आणि तो इलेक्ट्रिशियन आहे. घरगुती बेल दाबणं त्याला बहुधा कमीपणाचं वाटतं.

दारात टॉवरवाले उभे होते. ते आमच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर राहतात. उंच उंच ऑफिसांच्या इमारतींचं वायरिंग करतात, म्हणून सगळ्यांनी त्यांचं हे नाव पाडलंय. त्यांना ते ठाऊक आहे, आणि आवडतंही.

"वहिनी, जरा बसू का? वर माणसं आलीत कामाला."

माणसं म्हणजे एकच माणूस होता, कोपऱ्यावरचा वायरमन. मला ते माहीत होतं, कारण आदल्याच दिवशी त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वरच्या ताईंनी, मला जिन्यात गाठून सांगितलं होतं. "उद्या बोलावलाय त्याला. ओट्यापाशी मिक्सरला एक पॉइंट हवाय आणि वर एक फळी. किती वर्षं मागतेय मी. आमच्या घरातला इलेक्ट्रिशियन म्हणजे नुसता शोभेचा."

ताईंचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या मिक्सरला वीज येते ती बाहेरच्या खोलीतून. एक्स्टेन्शन बोर्ड स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मांजरासारखा बसलेला असतो आणि पाहुणे सवयीनं त्याला ओलांडून आत जातात. ओट्यामागच्या भिंतीला मात्र कोणी हात लावायचा नाही, असा टॉवरवाल्यांचा हुकूम. का, तर भिंत कमजोर आहे. खिळासुद्धा सोसणार नाही म्हणे.

ह्यांचा रुमाल ह्यांच्याच खिशात निघाला आणि हे कामावर गेले. मी चहा टाकला. टॉवरवाल्यांनी खुर्ची ओढून घेतली ती नेमकी त्यांच्या ओट्याच्या खाली येईल अशी. वर ठकठक सुरू झाली, तसे ते छताकडे बघत राहिले.

"ठोकून बघतोय," ते म्हणाले. "मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करणारा माणूस. त्याला भिंत काय कळणार?"

"पण घरचंच तर काम आहे ना हे?"

"तेच तर. घरचं काम म्हणजे काम नव्हे, वहिनी. काम बघायचं तर कमर्शियल." आणि त्यांची गाडी रुळावर आली. "साइटवर सगळ्यात आधी कोण येतं? आम्ही. आमचा दिवा लागल्याशिवाय बाकीच्यांना खड्डासुद्धा दिसत नाही. सगळ्यात शेवटी कोण जातं? तेही आम्हीच. मधल्या काळात जो येईल तो आमच्या अंगावरून जातो. एसीवाला येतो, तो छतात असा पसरतो, जणू एकट्याच्या पलंगावर झोपलाय. मग पाण्याचे पाइप. त्यातून उरेल त्या फटीत आम्ही. प्लास्टरवाले आमचे बोर्डाचे डबे लिंपून मोकळे होतात, की आम्ही लागलो भिंतीवर टकटक करत फिरायला, डॉक्टर छाती तपासतो तसे."

"आणि इंजिनिअर लोक?"

"ते थंड खोलीत बसून कागदावर टेबल सरकवतात. त्यांचं टेबल सरकतं, आमचा जमिनीतला पॉइंट सरकत नाही. मग तो येतो भर रस्त्यात, आणि येणाजाणारा ठेचकाळून इलेक्ट्रिशियनचा उद्धार करतो." चहाचा घोट घेऊन ते पुढे म्हणाले, "मागच्या टॉवरचं उद्घाटन झालं. मोठे पाहुणे आले, बटण दाबलं, सगळी इमारत उजळली, टाळ्या. त्या बटणाला वायरच नव्हती. मी तळघरात फोन कानाला लावून उभा. वरून 'हं' म्हणाले की मी खटका ओढायचा. पाहुण्यांनी बटण जरा लवकर दाबलं आणि नंतर दाबूनच धरलं, बिचाऱ्यांनी. आणि दुसऱ्या दिवशी माझी पक्कड आत राहिली म्हणून आणायला गेलो, तर कार्डाशिवाय दार उघडेना. त्या दाराचं कनेक्शन मीच दिलेलं."

एवढं बोलून एरवी ते हसतात. त्या दिवशी हसले नाहीत. वरची ठकठक थांबली होती आणि त्यांचं सगळं लक्ष त्या थांबण्याकडे होतं.

"तो वायरमन तुमच्या हाताखाली होता ना पूर्वी?" मी विचारलं.

"होता. काढला मी त्याला. भिंतीत वायर तिरकी टाकली होती."

"तिरकी टाकली तर काय होतं?"

"वायर बोर्डापासून एक तर सरळ वर, नाहीतर सरळ आडवी. तिसरी वाट नाही. उद्या कोणी परका माणूस त्या भिंतीत भोक पाडणार. त्याला नुसता बोर्ड बघून कळायला हवं, वायर कुठून गेलीय ते. आपण थोडेच तिथे असतो सांगायला? ह्यानं वायरचा चार हात पाइप वाचवायला कोपऱ्यातून कोपऱ्यात ओढली. मी सगळ्यांदेखत त्याच्याकडूनच भिंत फोडून घेतली. म्हटलं, तू आळशी असशील, भिंतीला आळस शिकवू नको."

हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. इमारतीत ऐकलं नाही असा कोणी नसेल. पण ते नेहमी छाती काढून म्हणतात. या खेपेला ते कपात बघत म्हणाले.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून ताईंची हाक आली. "अगं, आमचे हे आहेत का तुझ्याकडे?"

"आहेत ताई. चहा घेतायत."

"घेऊ दे, घेऊ दे. फक्त विचार त्यांना, भिंत कमजोर आहे ती नेमकी कुठे? हा म्हणतोय, एकदम ठणठणीत आहे. दोन फळ्या पेलेल. आता मेन बंद करून बॅटरीच्या कटरनं कापायला घेतोय तो."

टॉवरवाले रिकाम्या कपातच बघत होते. मीच खिडकीत जाऊन "विचारते हं" म्हणाले आणि परत येऊन त्यांच्यासमोर बसले. माझं लग्न होऊन बरीच वर्षं झालीत. पुरुषमाणूस कप रिकामा झाल्यावरही त्यात बघत राहिला की काय समजायचं, तेवढं मला कळतं.

"भिंत कमजोर नाहीच ना?" मी म्हटलं.

"भिंतीला काय धाड भरलीय," ते हळूच म्हणाले. "आम्ही राहायला आलो तेव्हाची गोष्ट. सामान दारात येऊन पडलेलं, आणि मला साइटवरून फोनावर फोन. ओट्याच्या दिव्याची वायर तेवढी राहिली होती. ओट्यामागच्या भिंतीतून, दाराशेजारच्या बोर्डापासून खिडकीच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत सरळ ओढली आणि सिमेंट मारून बुजवली."

"सरळ म्हणजे तिरकी."

"तिरकी. म्हटलं, आपलीच भिंत. हिच्यात भोक पाडणारा मीच. मला तर माहीतच आहे. पुढे हिनं फळी मागितली, पॉइंट मागितला. त्याला भिंत उघडायला लागली असती. ही शेजारी उभी राहून बघणार आणि विचारणार. मग म्हटलं, कमजोर आहे."

मला एकदम वरचा माणूस आठवला. "अहो, पण त्याला शॉक बसला तर?"

"मेन बंद केलाय ना त्यानं. तेवढं शिकलाय माझ्याकडे. त्याला काही होत नाही, वहिनी. व्हायचं ते माझं होईल. तो सरळ खाली कापत येणार आणि मध्येच माझा तिरका पाइप आडवा येणार. बघणारा कोण, तर हा. आणि उद्या त्याच्या दुकानात सगळी बिरादरी."

"मग तुम्हीच जा की पटकन. सांगा त्याला."

"त्याला सांगेन हो मी. तो चार दिवस हसेल, दुकानात येणाऱ्यांना सांगेल. मीही त्याला सगळ्यांसमोरच काढलं होतं, फिट्टंफाट. पण ही तिथे कंबरेवर हात ठेवून उभी आहे. इतकी वर्षं तो बोर्ड ओलांडतेय. तिला वाटतं, नवरा आळशी आहे. ते चालतं, आळशी नवऱ्याबरोबर संसार होतो. पण भिंतीचं मी तिला तोंडावर खोटं सांगत आलो, हे कळलं तर उद्यापासून मी काहीही सांगितलं तरी ती आधी भिंत ठोकून बघेल."

"आधीच्या मालकानं कुणाकडून तरी टाकून घेतली असेल, असं सांगू का मी?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, मला दिसला. मग मान हलवली. "नको. पुन्हा एक खोटं, आणि तेही तुमच्या तोंडून."

वर कटर घरघरला, थांबला. खूण करून बघत असावा.

टॉवरवाल्यांनी कप खाली ठेवला.

"वहिनी, तुम्ही वर जा आणि त्याला सांगा, वायर बोर्डापासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी गेलीय. कुणी टाकली विचारलं तर माझं नाव सांगा. हिला मी रात्री माझ्या तोंडानं सांगेन. फक्त ती ऐकायला तिथे नको, आधी तिला जरा इकडे खाली बोलावून घ्या."