न केलेली सही

परवान्यावरचं माझं आडनाव त्यानं मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. पायापासून वरपर्यंत.

"ह्यात बी कोटा असतोय व्हय?"

माधवनगरजवळच्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये मी उभी होते. तो शेडचा मालक. त्याला विजेचा वाढीव लोड हवा होता. त्यासाठी वायरिंग आणि अर्थिंग तपासल्याचा रिपोर्ट लागतो, आणि त्यावर पर्यवेक्षकाचा परवाना असलेल्या माणसाची सही. तो परवाना माझा होता. माझं नाव, माझा फोटो.

मी म्हटलं, "परीक्षा असते. कोटा नसतो."

तो हसला. मी ज्याच्याकडे कामाला होते त्या ठेकेदाराकडे वळून म्हणाला, "तुमचं सायेब कवा येणार?"

ठेकेदार बुटाचा चिखल पायरीला घासत राहिला. 'याच साहेब,' एवढे दोन शब्द त्याला जड झाले.

मला संताप आला असं लिहिलं तर खोटं होईल. थकल्यासारखं झालं. लय थकल्यासारखं. आयटीआयला वर्गात मी एकटी मुलगी. वायरमन म्हणून फिरत होते तेव्हा शिराळ्याकडच्या एका घरी अख्ख्या घराचं वायरिंग मी केलं, पण देवघरातला बोर्ड बसवायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "तेवढा ऱ्हाऊ दे." तो बसवायला दुसरा माणूस आणला. तोवर मी अंगणात बसून होते. पर्यवेक्षकाच्या परीक्षेत एकदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास. परवाना घरी आला तेव्हा आई म्हणाली, "आता तरी मान देतील गं."

ठेकेदारानं आपल्या कामांच्या कागदांना जोडायला परवान्याच्या झेरॉक्स काढून घेतल्या. मान वगैरे काही नाही.

आणखी एक सांगायलाच पाहिजे. महाबळेश्वरच्या एका हॉटेलच्या रिपोर्टवर मी सांगलीत बसून सही केली होती. धो धो पाऊस होता. ठेकेदार म्हणाला, "मी बघून आलोय. आकडे भरलेत. तू कर." मी केली. ते हॉटेल मी आजतागायत बघितलेलं नाही.

तर त्या दिवशी शेडमध्ये. मी मीटर काढला आणि कामाला लागले. मागच्या भिंतीला अर्थिंगचा खड्डा होता. अर्थिंग नीट असलं की मीटरवरचा आकडा कमी येतो; इथं तो काही केल्या खाली येईना. माती उकरली. वायर खाली कशालाच जोडलेली नव्हती. वरच्यावर मातीत नुसती खोचलेली.

आत माग चालवणारी एक बाई फळकुटावर उभी होती. मी विचारलं, "मावशी, फळी कशाला?"

ती मालकाकडे बघून हळूच म्हणाली, "मागाला हात लावला की झिणझिण्या येत्यात. पावसाळ्यात तर लय. फळीवर जरा कमी वाटतंय."

तिचे पाय अनवाणी होते.

मी बाहेर येऊन सांगितलं, "अर्थिंग नाही. आधी ते करा. तोवर सही होणार नाही."

मालक ठेकेदारालाच म्हणाला, "असल्यांच्या हातात लायसन दिलं की असंच हुतंय."

ठेकेदारानं मला बाजूला घेतलं. "अगं, सही कर आन मोकळी हो. तुझं काय जातंय?"

"त्या बाईचा जीव जाईल."

"आजवर गेलाय का?"

तेव्हा मला लख्ख कळलं. मी ह्यांना कधीच नको होते. ह्यांना माझी सही पाहिजे होती. मी तिथं जाऊन बघणं, उकरणं, विचारणं, हे सगळं नको होतं. आणि महाबळेश्वरच्या वेळी मीच ती त्यांना घरबसल्या दिली होती.

फॉर्म घेतला. सहीच्या जागी काट मारली. वर लिहिलं: अर्थिंग जोडलेलं नाही, धोका आहे. आणि निघाले. ठेकेदार गाडीत बसवायला तयार नव्हता. बसस्टॉपपर्यंत मीटरची पेटी घेऊन चालत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यानं फोन करून सांगितलं, येऊ नकोस. पुढं त्या शेडला लोड मिळाला. सही दुसऱ्या कुणाची तरी. तो माणूस तिथं गेला होता का, मला माहीत नाही. विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात मी लेखी तक्रार दिली. पोच मिळाली. बाकी काही नाही. ती बाई अजून फळीवरच उभी असेल.

काल दुसरा अर्ज दिला. महाबळेश्वरच्या हॉटेलचा. त्या रिपोर्टवरची सही माझी आहे आणि मी तिथं गेलेले नाही, असं स्वतःच लिहिलं. खिडकीतला कारकून वाचून म्हणाला, "बाई, परवाना जाईल तुमचा. घेऊन जा परत."

मी म्हटलं, "शिक्का मारा."

परवाना गेला तर जाईल. पुन्हा वायरमन म्हणून शिडी धरीन, पुन्हा परीक्षेला बसेन. आणि राहिला तर जिथं माझ्या हातानं मीटर लावलेला नाही, तिथं माझी सही होणार नाही. कुणी हात जोडले तरी नाही. कुणी हाकलून दिलं तरी नाही.