खो-खोची अपुष्ट बातमी

चंबल हाऊसची तिसरी मुलगी बाद झाली तेव्हा मी माइकवर अजून पहिलीच्याच पुष्टीत अडकलो होतो.

शिट्टी ऐकू आली होती. पण ती बाद झाल्याची होती की फाउलची, हे माझ्या टेबलावरून दिसत नव्हतं. वर्तमानपत्रातली जन्माची सवय अशी की एका सूत्राच्या भरवशावर बातमी सोडायची नाही. म्हणून मी हिंदीतून म्हणालो, "चंबल हाउस की एक खिलाड़ी के आउट होने की सूचना है. समाचार लिखे जाने तक पुष्टि नहीं हो सकी है." म्हणजे, बातमी लिहीपर्यंत खात्री झालेली नव्हती. मैदानाच्या कडेला बसलेल्या मोजक्या मुलांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. तोवर चंबलची पुढची तुकडी मैदानात उतरली होती.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू एका ओळीत उकिडवे बसतात, एक धावतो. दमला की बसलेल्याच्या पाठीला हात लावून "खो" म्हणतो आणि त्याला उठवतो. समोरचा संघ तीन-तीनच्या तुकडीने पळतो. शिवला गेला तो बाद. हे सगळं इतक्या वेगात चालतं की दुसऱ्या सूत्राची वाट पाहणाऱ्या माणसाने या खेळाची कॉमेंट्री करू नये.

मी ती करत होतो, कारण शाळेचे संगीताचे सर नेहमी करायचे आणि त्या शनिवारी त्यांचा घसा बसला होता. स्पोर्ट्स टीचर चौहान सरांनी माइक माझ्या हातात दिला. म्हणाले, "आप कर दो भिया, आप तो अखबार वाले हो." अखबारवाला बोलू शकतो, हा त्यांचा समज होता. माझाही होता.

मी इंदूरच्या एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर होतो. डेस्क म्हणजे वार्ताहराने आणलेली बातमी तपासून, कापून, मथळा देऊन पानात बसवणारे लोक. डेस्कवरचा माणूस घटनास्थळी जात नाही. तरी काय घडलं ते वार्ताहरापेक्षा आपल्यालाच जास्त कळलं, अशी त्याची खात्री असते. निवृत्तीनंतर एका खाजगी शाळेने मला अॅक्टिव्हिटी इन-चार्ज म्हणून घेतलं. हुद्दा ऐकायला भारदस्त आहे. काम एवढंच की शनिवारचे शेवटचे दोन पिरियड अभ्यासाचे नसतात, त्यांत मुलांना गुंतवून ठेवायचं.

त्या सत्रात हेच दोन पिरियड धोक्यात आले. गणपती बसायच्या सुमारास प्रिन्सिपल श्रोत्रिय मॅडमनी मला बोलावलं. एक कोचिंग क्लास दिवाळीनंतर अकरावी-बारावीसाठी तो वेळ मागत होता. पालक अनुकूल होते. मुलंही, असं मॅडमचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. शनिवारी तासांनंतर लंच होतो आणि लंच संपता संपता पहिली बस सुटते. अॅक्टिव्हिटी ऐच्छिक असल्यामुळे मोठी मुलं त्याच बसने निघून जात. दुसऱ्या बसला उरत ती खो-खोच्या चार संघांतली मुलं आणि ज्यांची पहिली बस चुकली ती.

"इस स्कूल में स्कूल स्पिरिट नाम की चीज़ है क्या?" मॅडमनी विचारलं. मी म्हणालो, माहिती घेऊन सांगतो.

मॅडमनी सरळ अट घातली. नवरात्राच्या आधीच्या शनिवारी मुलींच्या खो-खोची इंटर-हाऊस फायनल होती. हाऊस म्हणजे मुलांचे चार गट, नर्मदा, शिप्रा, चंबल आणि बेतवा. मुलं आपल्या मर्जीने फायनलला थांबली तर पिरियड राहील. पहिल्या बसने गेली तर कोचिंगला. कुणावर सक्ती करायची नाही.

पिरियड गेले असते तर मी कशाचाच इन-चार्ज उरलो नसतो. पण माझी पेन्शन चालू होती. खरं नुकसान व्हायचं होतं सानिका वानखेडेचं. ती अकरावीत होती, शिप्रा हाऊसची कॅप्टन. आजोबा फौजेत होते, तेव्हापासून घर महूलाच. रोज पहाटे तिथून निघायची, शाळा सुटली की परस्पर क्लासला जायची, अंधार पडल्यावर घरी. खो-खो खेळायला आठवड्यात तेवढे दोनच पिरियड. ते गेले की तिचा खेळ संपला, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी कामाला लागलो, म्हणजे मला जे येतं ते केलं. एक भित्तिपत्र काढलं. मथळा दिला, "अंतर-सदनीय प्रतियोगिता की तैयारियां अंतिम चरण में". खाली चारही हाऊसना समान जागा, समान शब्दसंख्या, कुणाचं कौतुक नाही, कुणावर टीका नाही. डेस्कच्या हिशेबाने निर्दोष मजकूर होता. दोन दिवसांत त्याच्या कोपऱ्यावर च्युइंगम चिकटलं. सानिका मात्र उभी राहून पूर्ण वाचत होती. मी विचारलं, कसं वाटलं?

"चांगलंय सर," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण वाचून असं लगता है की कोणीतरी वारलंय."

मग मी घोषणा लिहिल्या. प्रत्येक हाऊसला एक. व्याकरण शुद्ध, यमक नेटकं. चौहान सरांनी त्यातली एक मुलांकडून म्हणवून घ्यायचा प्रयत्न केला. अर्ध्यातच मुलांना श्वास घ्यावा लागला. सर म्हणाले, "भिया, इसमें तो कॉमा भी है."

अशा स्थितीत सेमीफायनल आली आणि माझ्या हातात माइक आला. त्या दिवशी मी आणखी काय काय बोललो ते मला क्लिप पाहून कळलं. शाळेत फोनला बंदी आहे, तरी क्लिप निघाली. तिचा स्रोत अजून अपुष्ट आहे. क्लिपमध्ये एक मुलगी पाय घसरून पडते आणि माझा संथ आवाज येतो, "प्राप्त जानकारी के अनुसार खिलाड़ी गिर गई है." ती उठून, कपडे झटकून, पुन्हा पळायला लागते. मग माझा आवाज, "उनकी हालत खतरे से बाहर बताई जाती है."

सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मी शांततेचं आवाहन केलं. मागच्या रांगेतून उत्तर आलं, "प्राप्त जानकारी के अनुसार शांति है." पूर्ण मैदान हसलं. दुपारपर्यंत मला "पुष्टि सर" हे नाव पडलं होतं. स्टाफरूममध्ये चौहान सरांनी अभिनंदन केलं. मी त्यांना विचारलं, संगीताच्या सरांचा घसा कसा आहे. बरा होत होता, पण सर माइक परत घ्यायला तयार नव्हते. मुलं आता त्यांना ऐकणार नाहीत, म्हणाले.

मला राग आला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. डेस्कवर इतकी वर्षं माझं नाव कुठे छापलं गेलं नाही. आता नाव झालं तर ते असं. मी ठरवलं, फायनलला व्यवस्थित कॉमेंट्री करून दाखवायची. मोबाइलवर सामने लावले. कॉमेंटेटर आवाज कुठे चढवतात, श्वास कुठे घेतात, ते पाहिलं. घरी गच्चीत सराव केला. बायको वर येऊन म्हणाली, "शेजारचे शर्माजी विचारतायत, तुम्ही कुणाशी भांडताय?"

फायनलच्या आदल्या दिवशी सानिका स्टाफरूमच्या दारात आली. तिला उडत उडत कळलं होतं की मी सुधारणा करतो आहे.

"सर, तुम्ही सुधरू नका."

मी म्हणालो, प्रिन्सिपल मॅडमसमोर मला विनोद व्हायचं नाही.

"ऑलरेडी झालाय ना सर," ती अगदी समजुतीने म्हणाली. "आमच्या क्लासची सगळी पोरं उद्या थांबणारेत. खो-खो बघायला कोण थांबतंय? तुम्हाला ऐकायला. तुम्ही नीट बोललात तर बस पकडतील. मग माझं काय?"

मी म्हणालो, बघू. हे उत्तर डेस्कवर आम्ही ज्याला नाही म्हणायचं असेल त्याला द्यायचो.

शनिवारी लंचच्या वेळातच फायनल सुरू झाली. पायऱ्या भरल्या होत्या. पण मुलं दप्तरं पाठीला लावूनच बसली होती. कंटाळा आला की उठून सरळ फाटकात. पहिल्या फेरीच्या खजराना, पोलोग्राउंड आणि महूच्या बस तिथे इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या. मॅडम छत्रीखाली खुर्चीत बसल्या. त्यांना तिथून मैदानही दिसत होतं आणि फाटकही.

आधी शिप्रा पाठलागावर होती, नर्मदा पळत होती. मी सुरुवात केली ती गच्चीत बसवली होती तशी. "और ये लीजिए! क्या फुर्ती है! क्या रफ्तार है!" आवाज नेमका जिथे चढवायचा तिथे चढवला. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी आणखी चढवला. वरच्या रांगेतली काही मुलं उठली. त्यांच्यामागे आणखी काही. कंडक्टरने "खजराना, खजराना" अशी हाक दिली. सानिका चौकोनात उकिडवी बसलेली होती, बसलेल्या खेळाडूला जागचं हलता येत नाही. ती फक्त मान वळवून माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात खांबाजवळ गर्दी झाली, धूळ उडाली, शिट्टी वाजली. काय झालं ते मला खरोखरच दिसलं नाही.

"नर्मदा हाउस की एक खिलाड़ी के आउट होने की सूचना है," मी म्हणालो. हे वाक्य सवयीने आलं. फाटकाकडे निघालेली मुलं थबकली. पुढचं मात्र मी जाणूनबुजून म्हटलं, आणि जितकं संथ म्हणता येईल तितकं संथ. "समाचार लिखे जाने तक..."

"पुष्टि नहीं हो सकी है!" सगळ्या पायऱ्या एकदम म्हणाल्या.

त्यानंतर माझं काम फारसं उरलं नाही. शिप्राची मुलं स्वतःच ओरडून सांगायला लागली, "पुष्टि! पुष्टि!" नर्मदावाल्यांनी काही क्षण विचार केला आणि उत्तर शोधलं, "खंडन! खंडन!" वर्तमानपत्रात एखाद्याने बातमी नाकारली की आम्ही त्याचं खंडन छापतो. ते इतक्या जोरात करता येतं हे मला माहीत नव्हतं. चंबल आणि बेतवाचा सामन्याशी संबंध नव्हता, त्यांनी आपापली बाजू वाटून घेतली. बसनी हॉर्न दिले. मग त्या निघाल्या. कुणीही मागे वळून पाहिलं नाही. आत कोण होतं ते मला दिसलं नाही, मॅडमना दिसलं असावं.

डाव बदलला. आता नर्मदा पाठलागावर आणि शिप्रा पळती. शेवटी दोन्ही हाऊसचे गुण बरोबरीत आले आणि मैदानात एकटी सानिका उरली. तिने थोडा वेळ काढला असता तर सामना बरोबरीत सुटला असता. ती खांबाला वळसा घालत होती, नर्मदाची मुलगी झेपावली. शिट्टी वाजली. दोन अंपायर एकमेकांशी बोलायला लागले. अर्ध्या पायऱ्या पुष्टी मागत होत्या, अर्ध्या खंडन करत होत्या, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी माइक तोंडाशी धरून गप्प होतो. त्या सत्रात पहिल्यांदाच गप्प राहणं बरोबर होतं.

अंपायरने हात वर केला.

"शिप्रा हाउस की कप्तान आउट," मी म्हणालो. "पुष्टि हो चुकी है."

नर्मदावाले मैदानात धावले. सानिका खांबाला टेकून कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. ती माझ्या टेबलाजवळून गेली तेव्हा मला वाटलं, पिरियड वाचल्याचं काही म्हणेल.

"सर, एक दफा तरी आमच्या बाजूने बोलायचं ना," ती म्हणाली. डोळे ओले होते. मी म्हणालो, मी फक्त घडलं ते सांगतो. "हो, तेच तर," ती म्हणाली आणि बुटाची लेस सोडायला खाली बसली.

मॅडमनी निर्णय तिथेच सांगितला. पिरियड राहणार. दिवाळीनंतर कोचिंगला सकाळी शाळा भरण्याआधीचा तास मिळाला. त्यामुळे महूची मुलं आता आणखी पहाटे उठतात, सानिकाही. तरी शनिवारी तिने शिप्राच्या लहान मुलींना खांबाचा वळसा शिकवायला सुरुवात केली आहे. मला बातमी देताना एवढंच म्हणाली की पुढच्या वर्षी खंडन करायची वेळच येणार नाही.

स्कूल स्पिरिटबद्दल मॅडमनी मागवलेली माहिती मी यथावकाश दिली. मुलांना एकत्र आणायला सर्वांना मान्य असा आदर्श पुरुष लागतो, असा समज आहे. तो मिळेपर्यंत सर्वांना मिळून हसता येईल असा एक पुरतो. त्याला पात्रता फारशी लागत नाही. वेळेवर यावं आणि सुधारू नये.