शून्यकाकांचे उलटे आकडे

आमच्या शून्यकाकांना कुठलीही गोष्ट सरळ सुरू करता येत नसे. गॅस पेटवायचा असो, रेडिओ लावायचा असो, आधी "तीन, दोन, एक, शून्य!" झालंच पाहिजे. एकदा इमारतीतल्या एका साखरपुड्यात मुलाच्या हातात अंगठी तयार होती, सगळे श्वास रोखून बघत होते आणि मागून काकांचा आवाज आला, "तीन, दोन..." मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडे अशी पद्धत असेल. काकूंनी कोपराने असं ढोसलं की पुढचे आकडे काकांच्या घशातच राहिले.

डोंबिवली पूर्वेला आमचं आणि त्यांचं बिऱ्हाड भिंतीला भिंत लागून होतं. दारावरच्या पाटीवर त्यांचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते पोस्टमनखेरीज कुणी वाचत नसे. ठाण्याच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. ऐंशीच्या दशकात मी कॉलेजात जायला लागले तेव्हा त्यांच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथा कापून बांधलेल्या, जुन्या सिनेमांची गाण्यांची पुस्तकं बुटांच्या खोक्यांत रचलेली, कपाटावर किल्लीचा एक पत्र्याचा यंत्रमानव आणि त्याच्या शेजारी रसवंतीवाल्याकडून मागून आणलेलं सिनेनटीचं कॅलेंडर. चांगलं कुठलं आणि सवंग कुठलं, हा भेद त्यांना ठाऊकच नव्हता. "आवडलं ना? मग लाजायचं काय त्यात!" एवढाच त्यांचा समीक्षाविचार.

कल्याणच्या थिएटरात लागलेला परदेशी अंतराळपट आणि कुठल्याशा जत्रेत तंबूत बघितलेला जुना पौराणिक बोलपट ते सारख्याच भक्तीने सांगत. मी एकदा हसले. म्हटलं, "काका, त्या देवाच्या उडत्या रथाची दोरी दिसते हो आकाशात!" काका मुळीच रागावले नाहीत. म्हणाले, "अगं विजू, दोरी मलाही दिसते. ती त्या यानालाही असते, जरा बारीक असते एवढंच. आपण दोरी बघायला जातो का? आपण रथ बघायचा." त्यानंतर मी पुष्कळ सिनेमे बघितले आणि पुष्कळ माणसंही. दोरी दिसली की काकांचं हे वाक्य आठवतं आणि मी मुकाट्याने रथाकडे बघते.

पण भक्ती म्हणजे आंधळेपणा नव्हे. अंतराळपट बघून आले की ते रविवारी ड्रॉइंग बोर्ड काढून त्या यानाचा नकाशा करत. मापासकट, भिंतींच्या जाडीसकट. मग हताशपणे पेन्सिल खाली ठेवत. "चार वर्षांचा प्रवास, सात माणसं, आणि मोरी नाही. पाण्याची टाकी कुठाय यांची?" डोंबिवलीत त्या काळी नळाला पाणी यायचं ते उपकार केल्यासारखं. त्यामुळे काकांना काय, आम्हा कुणालाच टाकीशिवाय विश्वाची कल्पना करवत नव्हती.

काकांचा खरा जीव होता त्यांच्या चित्रमंडळात. महिन्यातून एका रविवारी दुपारी वाचनालयाच्या सभागृहात ते सिनेमा दाखवत. खिडक्यांना आमच्या घरातल्या सतरंज्या आणि पडद्याच्या जागी काकूंची पांढरी डबल चादर. प्रोजेक्टर कल्याणच्या म्हात्र्यांचा. काकांनी शून्य म्हटल्याशिवाय म्हात्रे बटण दाबत नसत. काकू दर वेळी म्हणत, "काय हा वेडेपणा! माझी धुतलेली चादर घेऊन चालले." आणि दर वेळी शेवटच्या बाकावर येऊन बसत.

वाचनालयाचे अध्यक्ष दामले सर, निवृत्त मुख्याध्यापक, यांना मात्र हे सगळं खुपत होतं. राक्षस, उडत्या तबकड्या, मारामाऱ्या! त्यांनी काकांना बोलावून स्पष्ट सांगितलं, "हे वाचनालय आहे. पुढच्या रविवारी एक अभिरुचीपूर्ण चित्रपट दाखवा. नीट पार पडला तर ठीक, नाहीतर सभागृह शिवणवर्गाला दिलंच म्हणून समजा."

काकांची आठवडाभर झोप उडाली. दुसरीकडे कुठे असं सभागृह मिळणार नव्हतं. त्यांनी खटपट करून एक जुना, गंभीर, कृष्णधवल मराठी सिनेमा मिळवला. चार रिळांचे डबे आले ते लेबलं फाटलेले. काकांनी शनिवारी एकेक रीळ उजेडात धरून क्रम लावला आणि डब्यांवर आपल्या सुबक ड्राफ्ट्समनी अक्षरात आकडे घातले. पहिल्या रिळाच्या डब्यावर तीन, मग दोन, मग एक आणि शेवटच्या डब्यावर शून्य. त्यांच्या दृष्टीने दुसरा क्रम जगात नव्हताच. म्हात्र्यांना सांगायचं मात्र राहून गेलं.

रविवारी सभागृह भरलं. पुढच्या रांगेत दामले सर. शून्य झालं, चादरीवर उजेड पडला. एक बाई एकटीच बैलगाडीत बसून निघाली आहे, गाव रडतंय, आणि तिचा नवरा दारात उभा राहून हसतोय. कोण ही बाई? कुठे निघाली? लोक माना पुढे काढून बघत होते. अर्ध्या तासात पडद्यावर "समाप्त" आलं.

"संपला?" कुणीतरी विचारलं. दामले सर उठून उभे राहिले. काका धावत प्रोजेक्टरपाशी गेले. म्हात्रे बिचारे डबा दाखवत म्हणाले, "शून्य पयला, मंग एक. तुमीच लिवलाय ना? माझा काय चुकला?"

काका पांढरेफटक पडले होते. मला वाटलं, संपलं चित्रमंडळ. पण ते डबा हातात घेऊन सरळ चादरीपुढे जाऊन उभे राहिले. "मंडळी, चूक माझी आहे. शेवटचं रीळ आधी लागलं. पण आता तुम्हीच सांगा, तो माणूस हसत का होता?"

तीन बाकांवरून तीन वेगवेगळी उत्तरं आली. "मग आता मागे जाऊन बघू या," काका म्हणाले. दामले सर उभेच होते. काका त्यांच्याकडे बघत हळूच म्हणाले, "सर, शेवट कळला म्हणजे सिनेमा कळला असं थोडंच आहे?" सर खाली बसले.

मग सिनेमा पहिल्यापासून लागला आणि शेवटचं रीळ पुन्हा लावायची वेळ आली तेव्हा एकही माणूस हललेला नव्हता. बाई बैलगाडीत बसली, नवरा दारात हसला, आणि आता तो का हसतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिने मागे वळून बघितलंच तर तिचा पाय निघावा म्हणून. सभागृहात बायका पदराने डोळे पुसत होत्या. दामले सर चष्मा पुसत काकांपाशी आले. "मी हा तरुणपणी तीनदा पाहिलेला. तो हसतो हे आज दिसलं." शिवणवर्ग मग वरच्या खोलीत भरू लागला.

नव्वदच्या दशकात मी लग्न होऊन ठाण्याला आले. घरोघरी केबल आली, तरी मंडळ चालूच होतं. एक दिवस काकूंचा फोन आला. काकांना पोटाचं मोठं दुखणं निघालं होतं आणि डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती. मी धावत गेले, दारातच रडू लागले. काका पलंगावर बसून नकाशा काढत होते.

"अगं, रडतेस काय? शेवटचं रीळ आधी लागलंय एवढंच," ते म्हणाले. "बाकीचं बघायचं राहिलंय ना अजून! चल, पट्टी दे ती."

आणि त्यांनी बघितलं. डॉक्टरांच्या अंदाजाला वाकुल्या दाखवत वर्षभराहून जास्त बघितलं. सिनेमे, मालिका, शेजारच्या पोरांचे व्हिडिओ गेम, सगळं. मला त्यांनी तो नकाशा दिला. दोन माणसांचं यान, ऐसपैस मोरी, भलीमोठी टाकी, खिडकीशी काकूंची तुळस. तो आजही माझ्या घरी भिंतीवर आहे.

ते गेले त्या महिन्यातला रविवार ठरलेलाच होता. रद्द करावा असं सगळ्यांच्या मनात होतं, पण काकूंना विचारायचं कुणी? दुपारी आम्ही सभागृहात नुसतेच जमलो, तर काकू आल्या. काखेत धुतलेली चादर, हातात डब्यांची पिशवी. डब्यांवर त्यांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात आकडे होते. तीन, दोन, एक, शून्य. म्हात्र्यांनी न विचारता तीनचा डबा उचलला.

चादर बांधली, सतरंज्या ओढल्या, अंधार झाला. म्हात्रे बटणावर बोट ठेवून थांबून राहिले. मग शेवटच्या बाकावरून काकूंचा आवाज आला.

"तीन."

"दोन," दामले सर म्हणाले. पुढचा आकडा आम्ही सगळ्यांनी मिळून म्हटला, त्याच्या पुढचाही, आणि म्हात्र्यांनी बटण दाबलं.