सरकलेल्या छापाचा रुपया

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, ज्या भावाबरोबर जन्मभर एका गादीवर बसलो त्याच्याजवळही नाही. आज तुमच्याजवळ का बोलतोय — मलाही नीट सांगता येणार नाही. बसा जरा.

जळगावच्या सराफ बाजारात आमचं लहानसं दुकान. मी रुपये पारखायचो. तेव्हाचा रुपया चांदीचा, वजनाला बरोबर तोळाभर, आणि खोटेही पुष्कळ फिरायचे. बाकीचे सराफ रुपया फरशीवर वाजवून बघत, तराजूत घालत. मी? मी नुसता बघायचो. बघितला की सांगायचो. लोक म्हणत, याच्या डोळ्यांतच तराजू आहे. मला ते आवडायचं — फार आवडायचं, आता कशाला लपवू?

आणि आमच्या दुकानाची एक रीत होती. रुपया खोटा निघाला की गिऱ्हाइकासमोर ऐरणीवर ठेवायचा, छिन्नीनं दोन तुकडे करायचे आणि त्याचे त्याला परत द्यायचे. पुन्हा कुणी फसायला नको. वडिलांनी घालून दिलेली रीत, चांगलीच होती. तिच्यात खोट नव्हती.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा बाजार होता. ओट्यावर ही गर्दी. तेवढ्यात दोन माणसं आली. पुढचा तावातावानं आला, तो मुलीचा मामा, जवळच्याच खेड्यातला. मागून नरडाण्याकडचे एक नाना, मुलाचे वडील, डोक्यावरचा फेटा सावरत. सकाळीच साखरपुडा झाला होता. नानांनी शकुनाचा म्हणून मुलीच्या ओटीत जो रुपया घातला, तो मामाला खटकला होता. त्याने तो माझ्यापुढे टाकला.

"हाऊ खोटा निंघना ते बठ्ठा गाव आमले हसई," मामा म्हणाला. सगळ्या गावात हसं होईल, हा त्याला धाक.

रुपया विचित्रच होता. राजाचं डोकं एका अंगाला सरकलेलं, हनुवटी पार काठाबाहेर गेलेली, आणि मागे चंद्रकोरीएवढी कोरी चांदी. कडेला जे बारीक दाते असतात तेही नव्हते. मी उचलला, बघितला न बघितला, आणि म्हणालो — खोटा. ओट्यावरचे चारजण हसले. मलाही हसू आलं.

"देवना रुपया शे, भाऊ. खोटा कसा व्हई?" एवढंच नाना म्हणाले.

खरंच त्या कोऱ्या कोरीत कुंकू बसलेलं होतं, वर्षानुवर्षांचं, घट्ट. असा आगळा रुपया हाती आला म्हणजे लक्ष्मीच पावली असं समजून या माणसाने तो देव्हाऱ्यात ठेवला होता. घरातलं सगळ्यात मोलाचं काय, तर तो. म्हणून सुनेच्या ओटीत घातला. हे मला तेव्हाच कळलं नाही का? कळलं. कुंकू दिसलं तेव्हाच मनात काहीतरी हललं. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला — शब्द तर गेला होता. हात छिन्नीकडे गेला.

एक घाव. तुकडे झाले. खोटा रुपया कापला की आत तांब्याची लाली दिसते, नाहीतर शिशाचा काळसरपणा. हा आतून पांढराशुभ्र होता. आरपार.

मी कापल्या जागेवर अंगठा ठेवला.

मामा तर माझ्या तोंडाकडे बघत होता, त्याला काय दिसणार? नाना मात्र माझ्या हाताकडे बघत होते. मी दोन्ही तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. अजूनही सांगता आलं असतं. 'थांबा, चुकलो' — दोन शब्द. ते दोन शब्द मला जड झाले.

लग्न मोडलं. मुलगी पुढे एका बिजवराच्या घरी दिली असं कानावर आलं. नानांच्या घराला 'खोट्या रुपयाचे' हे नाव पडलं, आणि असल्या घरात कोण मुलगी देणार? मुलगा तसाच राहिला. हे सगळं मला बाजारात ऐकायला मिळायचं. मी मान डोलवायचो. जनाची सोडा, मनाची तरी?

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण खरं पुढेच आहे.

बऱ्याच वर्षांनी भुसावळच्या रेल्वेतले एक साहेब दुकानात येऊ लागले. त्यांना टांकसाळीत चुकलेली नाणी जमवायचा नाद. एके दिवशी त्यांनी तसाच सरकलेला रुपया आणला, खरा की खोटा विचारायला. मग काय, मी रंगलो. म्हटलं, साहेब, दोन्ही बाजू बघा, छाप इकडे जिथे सरकला तिथेच मागेही सरकलाय. चकती साच्यात नीट बसली नाही म्हणून कडेला दाते उठले नाहीत. आणि खोटं पाडणारा चांगल्या नाण्याची नक्कल करील, चुकलेल्याची कशाला करील? साहेब खूष झाले, भिंग लावून बघत बसले.

मी मान वर केली तर पायरीवर नाना उभे. किती वेळ, देव जाणे. फार थकलेले दिसले. त्यांनी चंची सोडली, तंबाखूच्या पुडीखालून ते दोन तुकडे काढले आणि माझ्या तराजूत ठेवले. दुसऱ्या पारड्यात तोळ्याचं वजन होतंच. काटा मधोमध येऊन थांबला.

"मंग हाऊ खरा व्हता ना, भाऊ?"

रागानं नाही हो विचारलं. शपथेवर सांगतो, रागानं नाही. साहेब शेजारी बसलेले, आत्ताच माझी तारीफ केलेली. मी म्हणालो, "नाही नाना. तो खोटाच होता."

पहिल्यांदा चुकलो होतो. दुसऱ्यांदा चुकलो नाही, समजून-उमजून बोललो. नानांनी तुकडे उचलले, कपाळाला लावले, चंचीत ठेवले आणि पायरी उतरून गेले. परत कधी आले नाहीत. पुढच्या थंडीत ते गेल्याचं कळलं.

तो रुपया खरा होता.