करडईच्या तेलावरची फटफटी

ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला तुम्ही काय देता? त्याला हवं असतं ते, की तुम्हाला द्यायला आवडतं ते? उत्तराची घाई करू नका. हा प्रश्न माझ्या मामाला एका इंजिनानं विचारला होता, आणि मामा पहिल्या खेपेला चुकला होता.

मामा मानवतला कापसाचा व्यापार करी. रस्ते बांधणाऱ्या तामीरात खात्यातला एक इंजिनिअर बदली होऊन निघाला, तेव्हा त्याची जुनी अमेरिकी मोटारसायकल मामानं घेतली. तिच्या डाव्या अंगाला बसायचा डबा जोडलेला होता. गाव तिला फटफटी म्हणे, पण ते नाव तिला शोभत नव्हतं. फटफट करतात त्या एका सिलिंडरच्या. हिला दोन सिलिंडर होते, एका बुंध्यातून फुटलेल्या बेचकीसारखे, आणि दोघांचे दट्टे, म्हणजे पिस्टन, आत एकाच खिळीला जोडलेले. त्यामुळे ठोके सारख्या अंतरानं पडत नसत. धड-धड, मग जरा उसंत, पुन्हा धड-धड. लंगड्या घोड्याची चाल असते तशी.

पळण्यात ती काही खास नव्हती. पण ओढण्यात तिचा हात धरणारं आमच्या भागात दुसरं काही नव्हतं. नाल्याच्या चढावर वेग पडला की एका सिलिंडरची गाडी मान टाकते. ही मंदावली की उलट जोर धरी. काळ्या मातीत चाक रुतलं, तर गुरगुरत, सावकाश, न चिडता बाहेर येई. मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद असं मी तेव्हा समजत असे. माझी सगळी वाढच निजामाविरुद्धच्या, चोरून आलेल्या पत्रकांवर झालेली. ताकद हळू बोलते हे मला प्रथम त्या इंजिनानं दाखवलं.

तिची एक खोड होती. वारा पुढच्या सिलिंडरला लागे, मागचा त्याच्या आडोशाला पडून तापे. गाडी थांबली की मामा आधी वाकून मागच्याची विचारपूस करी, मग माणसांची. एखादा भला माणूस, त्याला दमलेल्या बैलासारखं समजून, तापल्या सिलिंडरवर ओतायला पाण्याची घागर आणी. मामा दोन्ही हात पसरून आडवा उभा राही. "अरे बाबा, तडकंल की ते!"

मामाचा जीव आणखी एका ठिकाणी होता. मामीवर. डब्यात मामीनं बसावं ही त्याची हौस, आणि घरातली बाई उघड्यावर बसणार नाही ही त्याच्या मोठ्या भावाची, माझ्या थोरल्या मामांची अट. मामानं दोन्ही जुळवलं. शिंप्याला घरी बसवून डब्यावर छत शिवून घेतलं आणि त्याला दोन्ही बाजूंनी पडदे लावले. हिरवं रेशमी कापड, काठाला जर. मी थोरल्या मामांपुढं पडद्याच्या चालीविरुद्ध मोठं भाषण केलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "झालं का भाचेबुवा? आता पाणी पी."

मामीचं माहेर चारठाणा. एकदा भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "लय लहान हुते तवा बैलांच्या दमणीत घालून आनलं मला. तवापासनं कितींदा माहेरी गेले आन् आले. दमणीला बी पडदा, आन् आता हिला बी. वाट कशी जाती ते मला ठाव न्हाई बघ. आपल्याच माहेराची वाट. सांग, शरमंची गोष्ट हाय का न्हाई?"

मी लगेच बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "तू नगं बोलू. मला ती बघायचीय, एवढंच."

जर्मनीशी लढाई आली आणि बाजारातून इंजिनाचं तेल नाहीसं झालं. पेट्रोल चिठ्ठीवर थोडंथोडं तरी मिळे, तेल अजिबात मिळेना. घरच्या गड्यानं सुचवलं, बैलगाडीच्या कण्याला घालतो ते एरंडेल घालावं. मामाला ते लागलं. "पाव्हण्याच्या ताटात वंगण वाढायचं का?" तो स्वतः तेल्याकडे गेला, डोळ्यांसमोर घाण्यावर करडईचं तेल काढून घेतलं, घरी आणून धोतराच्या सोग्यातून दोनदा गाळलं. आम्ही खातो त्याहून चांगलं तेल त्यानं इंजिनाला दिलं. रोज कीक जरा जड होत चालली होती. मामा म्हणे, मशीन अंग धरायलंय.

त्याच तेलावर आम्ही चारठाण्याला निघालो. मामा पुढं, मी मागं, मामी पडद्यात. वाटभर भजी तळल्याचा वास. सेलूत शिरताना एकानं दुकानातून हाक दिली, "ओ सावकार, भजी कशी दिली?" उन्हं उतरेपर्यंत ओळखीच्यांकडं टेकलो. निघायच्या वेळी मामा कीकवर पाय देऊन उभा राहिला, आणि तसाच उभा राहिला. कीक खाली जाईना. मी त्याच्या खांद्यावर भार दिला, तरी नाही. दट्टे आत खळीनं चिकटवल्यासारखे बसले होते.

बैल जुंपून गाडी मानवतला परत आणली. मामी पडद्यातच होती. घरी उतरल्यावर तिनं मला विचारलं, "कुठवर गेलतो रं?"

"सेलूपर्यंत."

"म्हंजे निम्मी वाट. निम्मी बी दिसली न्हाई."

थोरले मामा ओसरीवर होते. भावजयीशी ते कधी थेट बोलत नसत. ती ऐकत असली की मामाला सांगत. म्हणाले, "येकदा झालं ते झालं. पुन्हा जर बैलांनी वढून आणायची पाळी आली, तर मशीन इकायचं. आन् घरातल्यांनी मरंस्तवर दमणीतनं जायचं. इज्जतीचा सवाल हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही इंजिन खोललं. आत सगळीकडे पिवळा, चिवट थर. मामा कपाळाला हात लावून बसला. मामी चहा घेऊन आली, वाकून बघितलं आणि बोटानं खरवडलं.

"ह्यो तर माझ्या बुधलीचा चिकटा."

करडईच्या तेलाची बुधली ज्यानं धुतली आहे त्याला तो चिकटा माहीत असतो. घरातल्या पुरुषांपैकी कुणीच ती कधी धुतली नव्हती. मामीनं चुलीवर धुण्याच्या सोड्याचं पाणी उकळलं. लोखंडी भाग त्यात, बाकीचे रॉकेलमध्ये. थर सुटत असताना तिनं मामाला विचारलं, "अवो, बैलगाडी कधी चिकटून बसलेली बघितली का तुमी?"

संध्याकाळी मामानं गड्याकडून एरंडेल मागून घेतलं.

जोडताना एका सांध्याला जाड कागद लागत होता. मामानं माझ्या एका पत्रकाचं वेष्टण घेऊन सांध्याच्या मापानं कापलं. मी संतापलो. मामा कात्री चालवत म्हणाला, "तुझ्या पत्रकानं आजवर काय हललंय का? हितं हलंल." तो कागद शेवटपर्यंत टिकला.

एरंडेल मात्र लहरी निघालं. सकाळी घट्ट, उन्हात पातळ. आणि घरी आल्यावर गरम असतानाच काढून टाकावं लागे, शिळं झालं की तेही चिकटे. टाकीच्या डाव्या अंगाला काचेची एक वाटी होती, तिच्यातून इंजिनात पडणारा तेलाचा थेंब दिसे. थेंब मंदावला की शेजारचा दांडा हातानं दाबायचा. मामाचे डोळे चाकोरीवर, हात मुठींवर. मला मागून वाटी दिसत नव्हती.

"मला दिसंल," मामी म्हणाली. "पर पडद्यातनं न्हाई."

मामानं इंजिनाच्या बाजूचा पडदा स्वतः सोडवला. थोरले मामा ओसरीवरून म्हणाले, "हे काय चाललंय?"

"दादा, तेल बघाया माणूस लागतंय."

"भाचा हाय की."

मामी पदर सावरून माझ्याकडं वळली. "भाऊजींना सांग, भाचा बोलायच्या नादात तेल इसरंल."

थोरले मामा हसले. पोटापासून हसले. "हे मातुर खरं हाय," म्हणाले, आणि पानाचा डबा उघडला. माझ्या साऱ्या भाषणांनी जे झालं नाही, ते माझ्या बदनामीनं झालं.

पुन्हा निघालो. आता मामीला मामाचा गुडघा, तेलाची वाटी आणि धुराडं दिसत होतं. रस्त्याकडचा पडदा अजून होताच. ती थेंब बघे, दांडा दाबी, आणि दुधनेच्या वाळूत गाडी शिरली तेव्हा मामाला ओरडून म्हणाली, "दमानं घ्या, प्यायलीय ती आता!" पात्रातली ती वाळू मी विसरणार नाही. चाक अर्धं बुडालेलं, आणि इंजिन धड-धड, धड-धड, एखाद्या समजूतदार माणसासारखं आम्हाला पलीकडे घेऊन गेलं.

चारठाणा जवळ आलं आणि ठोका बदलला. जोडीतला एक धड गळाला. मागचा सिलिंडर बंद पडला होता. दोन सिलिंडरांचा हा फायदा. पुढच्या एकट्यानं आम्हाला बराच वेळ ओढलं. पण शेवटच्या चढावर त्याचाही दम गेला. शेजारच्या शेतातून एक शेतकरी बैल घेऊन आला. भला माणूस. "जुंपू का, सावकार? गाव तर चढाच्या पल्याडच हाय."

मामानं मामीकडं पाहिलं. बैल जुंपले तर मशीन जाणार होतं, आणि मामी दमणीत.

"न्हाई भाऊ," डब्यातून मामी म्हणाली, "बैल ऱ्हाऊ द्या. ताक असंल तर पोरांच्या हाती लावून द्या."

मामानं मागचा प्लग काढला. एरंडेल जळून त्यावर काळी साय धरली होती. पुसायला कोरडं फडकं हवं होतं. माझं धोतर तेलात भिजलेलं, मामाच्या खिशातलं फडकं त्याहून वाईट. तो डोक्यावरच्या रुमालाला हात घालणार, एवढ्यात टरकन आवाज झाला. मामीनं रस्त्याकडचा पडदा ओढून फाडला होता.

"अगं, मुद्दाम शिवून घेतला हुता तुझ्यासाठी!"

"ठाव हाय मला," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "कापड चांगलं हाय. पुसंल बी चांगलं."

त्याच्या हातात तो हिरवा तुकडा ठेवून ती डब्यातून उतरली आणि चढ चालू लागली. मामा प्लग पुसायचा सोडून तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिला. मीच त्याला हलवलं. प्लग बसवला, कीक मारली, आणि जोडठोका परत आला. धड-धड, धड-धड.

वर पोचलो तेव्हा ती चढाच्या माथ्यावर उभी होती. खाली गाव, देवळांचे काळे दगड, त्यांच्यातला एक उंच खांब. मामीनं हातानं हवेत वाट काढून दाखवली. "म्हंजे अशी जाती व्हय! बारवेला वळसा घालून. मला वाटायचं सरळच जाती."

परतलो तेव्हा थोरले मामा वेशीशीच उभे होते. मामाला विचारलं, "बैल?"

"लागले न्हाईत."

"पडदा?"

"मागच्या सिलिंडरला लागला."

त्यांनी उघड्या डब्याकडं पाहिलं, मामी मान खाली न घालता बसली होती तिकडंही. म्हणाले, "कापड चांगलं हुतं," आणि आमच्या पुढं घराकडे चालू लागले. दुसरा पडदा शिवायला कुणी सांगितलं नाही. पुढच्या संक्रांतीला थोरल्या मामी त्या डब्यात बसून ऊस आणायला गेल्या.

आता निजामाचं राज्य गेलं. आम्ही ते जावं म्हणून ओरडलो, आणि ओरडलो ते योग्यच केलं. पण दमण्यांचे पडदे कुणाच्या फर्मानानं लागलेले नव्हते. ते आम्हीच, प्रेमानं, चांगलं कापड बघून शिवून घेतले होते. म्हणून वाचकहो, एक मागणं आहे. तुमच्या घरच्या गाडीला पडदा असेल तर उद्या निघायच्या आधी तो काढा. फेकू नका, तेल पुसायला ठेवा. आणि वाट कुठून जाते ते या खेपेला आत बसणाऱ्या बाईला सांगू द्या.